दिसलं की दाबायचं

आमच्या घरात टोपणनाव एकालाच आहे, आणि ते ठेवण्याचं पुण्य माझ्याकडे जातं. तो माझा मामेभाऊ. त्याची आई तो लहान असतानाच गेली, मामा सतत फिरतीवर, म्हणून तो आमच्याकडे आला आणि आमचाच झाला. आल्या आल्या त्याचा एक गुण दिसला. आई स्वयंपाकघरात शेजारणीबद्दल जे पुटपुटायची, ते हा शेजारणीपुढे उभा राहून जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. शब्द तेच, सूर तोच, मधला खोकलासुद्धा तोच. अर्थ मात्र त्याला कशाचाही कळलेला नसायचा. शेजारीण बोलणं टाकायची आणि आई कपाळाला हात लावून बसायची. मी त्याला टेप म्हणायला लागले. पुढे जगातून टेपरेकॉर्डर गेले, आमच्याकडे नाव राहिलं.

नोकरीही त्यानं स्वभावाला साजेशीच शोधली. दुकानाला राखणदार असतो तसा वेबसाइटलाही ठेवतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. साइट चालू आहे ना, लोकांची कामं होतायत ना, यावर लक्ष ठेवणारी एक कंपनी आहे, तिथे तो असतो. साध्या माणसासारखी त्यानं साइट उघडायची, नाव घालायचं, पानं पालटायची, बटणं दाबायची. हे चालू असताना ब्राउझर पडद्यामागे सर्व्हरशी सारखा बोलत असतो. हे पान दे, ते चित्र दे, ही तारीख मोकळी आहे का. टेप दोन्ही बाजूंचं ते सगळं बोलणं रेकॉर्ड करतो. मग ऑफिसातलं एक मशीन तेच बोलणं दर थोड्या वेळानं सर्व्हरला पुन्हा म्हणून दाखवतं. सर्व्हरनं नीट उत्तर दिलं तर स्क्रीनवर हिरवा दिवा. उत्तर आलंच नाही किंवा भलतंच आलं तर लाल, आणि टेपचा फोन कोकलायला लागतो.

"म्हणजे लहानपणी फुकट करायचास ते आता पगार घेऊन करतोस," मी त्याला म्हणाले.

"हो ताई, पण आता शेजारीण भांडायला येत नाही," तो म्हणाला. तेव्हा हसलो होतो आम्ही.

हुशार आहे तो, हे मी नाकारत नाही. फक्त त्याच्या हुशारीला मान वळवता येत नाही. समोर जे दिसतं ते पक्कं दिसतं, शेजारी काय चाललंय त्याचा पत्ता नसतो. मी शाळेत शिकवते, असली पोरं मला वर्गात शिरल्या शिरल्या ओळखू येतात. पहिल्या बाकावरची असतात आणि त्यांना चूक दाखवली की पुस्तक दाखवतात.

आई घरीच कपडे दुरुस्त करून देते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, जाडी वाढलेल्यांचे कपडे उसवून सैल करणं. मध्यंतरी तिच्या डाव्या खांद्यावर काळेनिळे डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणाली, "दाराची चौकट लागते गं. घर लहान झालंय." मग डाव्या हाताचे कप फुटायला लागले. मी तिला धरून चष्मेवाल्याकडे नेलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, दिवा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "नंबरचं काम नाही हे. काचबिंदू वाटतोय. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि कडेकडेनं नजर जात राहते. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा, आणि उशीर करू नका. या दुखण्यात गेलेलं परत येत नाही."

शेवटचं वाक्य त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, पण ऐकलं आईनं.

आमच्याकडे त्यासाठीचं मशीन एकाच हॉस्पिटलात आहे, आणि तिथे नुकताच नियम झाला होता की जागा वेबसाइटवरूनच धरायची, खिडकीवर यायचं नाही. त्या साइटचा राखणदार कोण, तर आमचा टेप. मला वाटलं, चला, काखेत कळसा आहे. पण टेपची तत्त्वं निघाली. "ओळखीनं घुसायचं नाही. आत्या, सगळ्यांसारखी तूही जागा धर. सोपं आहे, मी स्वतः रोज बघतो," तो म्हणाला आणि तिला कसं करायचं ते शिकवलं. आई आज्ञाधारक. रोज सकाळी हात पुसून माझा जुना लॅपटॉप उघडायची, चष्मा सावरायची, टेपनं सांगितलं तसं एकेक दाबत जायची. रोज तेच उत्तर यायचं. जागा शिल्लक नाही.

"साइट बिघडली असेल," मी टेपला म्हणाले.

त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. हिरवा दिवा. "एकदाही लाल नाही. आत्याचंच काहीतरी चुकतंय."

असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका सकाळी आमच्याकडे आईची जुनी मैत्रीण आलेली असताना टेप स्वतःचा लॅपटॉप घेऊन आईच्या शेजारी बसला. "हे बघ," तो म्हणाला, "माझं रेकॉर्डिंग चालवतो. यात एक खोटा पेशंट आहे. बघ त्याला जागा मिळते की नाही." त्यानं एक कळ दाबली. स्क्रीनवर ओळी भराभर पळाल्या आणि खाली हिरव्या अक्षरात आलं, जागा मिळाली. "मिळाली ना? आता तू कर. तीच बटणं, त्याच क्रमानं."

आईनं केलं. मी शेजारी उभी राहून बघत होते, एकही बटण चुकलं नाही. जागा शिल्लक नाही.

"तुझ्या हातालाच यश नाही आत्या," टेप हसत म्हणाला. "दिसत नाही तर भलतीकडे कशाला दाबतेस? सगळं अडवून ठेवतेस." मैत्रीणही हसली. आईसुद्धा हसली, पण तिनं हात पदराखाली घेतले. मी टेपला तिथल्या तिथे झापलं. त्यानं आपलं पुस्तक दाखवलं, म्हणजे हिरवा दिवा.

मी शाळेत रजा टाकली आणि आईला घेऊन सरळ हॉस्पिटलात गेले. फाटकावर परत पाठवलेल्या माणसांची गर्दी होती. एका आजोबांच्या डोळ्यावर पट्टी, एक बाई आपल्या सासूला धरून उभी. राखणदार सगळ्यांना एकच सांगत होता, वेबसाइटवरून या, आज सगळं भरलेलं आहे. ओरडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तो तिथे कामाला आला. आम्ही आत शिरलो.

आत सगळी बाकं रिकामी. पुसून घेतलेली फरशी चकाकत होती. खिडकीमागे एक बाई हनुवटीला हात लावून बसलेली. एवढ्यात भिंतीवरचा स्पीकर बोलला, "टेप, खोली दोन."

कोणी उठलं नाही, उठायला कोणी नव्हतंच. थोड्या वेळानं पुन्हा, त्याच गोड आवाजात, "टेप, खोली दोन." मग परत. आई माझा हात दाबून म्हणाली, "अगं, हे तर आपल्या टेपला बोलावतायत."

मी खिडकीवरच्या बाईला विचारलं, हा टेप कोण आहे.

"कोणी मोठा माणूस असणार," ती म्हणाली. "नवी साइट झाल्यापासून रोजच्या सगळ्या जागा त्याच्याच नावावर. येत तर कधी नाही. आम्हाला वाटलं, वरून कोणीतरी अडवून ठेवल्यात. मोठ्यांच्या भानगडीत कोण पडणार? साइटवाल्यांना एकदा विचारलं होतं, ते म्हणाले सगळं हिरवं आहे."

मी बाहेरच्या गर्दीकडे बघितलं आणि पहिल्यांदा असं झालं की माझा आवाज आपोआप खाली गेला. हा माझा भाऊ आहे, हे तिथे मोठ्यानं बोलायची मला लाज वाटली. कोपऱ्यात जाऊन मी त्याला फोन लावला. "तुझ्या खोट्या पेशंटचं नाव काय ठेवलंयस?"

"टेप," तो म्हणाला. "का?"

"तुला इथे बोलावतायत. ये."

तो आला तेव्हा धापा टाकत होता. दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच स्पीकर म्हणाला, "टेप, खोली दोन." तो जागच्या जागी थिजला. त्यानं रिकामी बाकं बघितली, काचेपलीकडचे पट्टीवाले आजोबा बघितले, आणि त्याला सगळं कळलं. कळतानाचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. वर्गात चोरी पकडल्यावर पोराचं तोंड होतं तसं नव्हतं ते. चोरी आपण केली हेच ज्याला आत्ता कळलं, त्याचं तोंड होतं. त्यानं फोन काढून आधी ऑफिसातलं ते मशीन बंद केलं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, तो सरळ खोली दोनमध्ये गेला. आम्ही त्याच्यामागे गेलो.

आत डॉक्टरबाई गार झालेल्या चहापुढे बसल्या होत्या. "टेप तुम्हीच का?" त्या म्हणाल्या. "आलात एकदाचे! बसा. काय त्रास होतो?"

टेप उभाच राहिला आणि सांगायला लागला. हॉस्पिटलनं त्याला सरावासाठी साइटची एक नक्कल दिली होती. तिथे खोट्या पेशंटनं धरलेल्या जागा रोज आपोआप पुसल्या जात, आणि त्या पेशंटनं कितीही जागा धरल्या तरी चालत. टेपनं त्या नकलेवर रेकॉर्डिंग केलं, अगदी शेवटच्या बटणापर्यंत. त्या धंद्यातलं शहाणं माणूस शेवटच्या बटणाआधी थांबतं, नाहीतर धरलेली जागा लगेच सोडून देतं. यानं म्हटलं, सोडायची कशाला, पुसणारा आहे की. मग रेकॉर्डिंगमध्ये नकलेच्या जागी खऱ्या साइटचा पत्ता घातला आणि चालू करून दिलं. कितीही जागा धरायची सूट त्या खोट्या पेशंटला खऱ्या साइटवरही मिळालेली होती. पुसणारा मात्र तिथे कोणी नव्हता. नव्या जागा खुल्या झाल्या की ते मशीन दर थोड्या वेळानं पहिली मोकळी जागा उचलायचं, आणि लोक उठून तोंड धुवेपर्यंत ताट साफ झालेलं असायचं.

"पण जागा संपल्यावर तरी लाल दिवा लागायला हवा होता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

टेपची मान आणखी खाली गेली. "जागा शिल्लक नाही, हेही उत्तरच आहे. साइट बोलतेय ना, म्हणून मी त्यालाही हिरवा दिला."

डॉक्टरबाईंनी गार चहा बाजूला सारला. मग त्यांनी आईकडे बघितलं. "आता टेपच्या नंबरावर यांनाच बसवा," त्या म्हणाल्या.

आईच्या डोळ्यातला दाब खूप होता. थेंब सुरू केले. उजवा डोळा चांगला वाटतोय, डाव्याची बाहेरची बाजू गेली असावी, किती ते मशीनवर कळेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. टेपनं विचारलं, "आधी आली असती तर?" मला वाटलं होतं तो हे विचारणार नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. "सगळं नाही, पण बरंच वाचलं असतं."

त्यानंतर टेपनं लपवलं नाही, हे सांगायला हवं. खिडकीवरच्या बाईला सांगितलं, हॉस्पिटलच्या साहेबांना सांगितलं, फाटकावर जाऊन लोकांनाही सांगितलं. पट्टीवाल्या आजोबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आता आम्ही आत जायचं का?" ऑफिसात साहेबांपुढे सांगितलं. साहेबांनी हॉस्पिटलचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. सगळीकडे त्यानं तेच शब्द वापरले, त्याच क्रमानं, 'साइट बोलतेय ना'पर्यंत. मी दोनदा ऐकलं म्हणून मला माहीत आहे.

फक्त एका माणसाला सांगितलं नाही. खोली दोनमध्ये आई होती, पण नक्कल आणि सर्व्हर आणि पत्ता यातलं तिला ओ की ठो कळलं नव्हतं. तिनं आपल्यापुरता अर्थ लावला. टेपचं काम काढून घेतल्याचं कळलं त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "मी काहीतरी भलतंच दाबलं असणार, सगळ्या हॉस्पिटलचा खोळंबा केला. आणि बिचाऱ्याचं काम गेलं ते वेगळंच." हे ती टेपला ऐकू जाईल असं म्हणाली. तो दारात बूट काढत होता. त्याला ऐकू गेलं. तो बूट काढतच राहिला.

मी सांगू शकले असते. पण माझाही हट्ट, की त्याच्या तोंडानं निघू दे. मी रोज त्याच्याकडे डोळे वटारून बघायची आणि तो रोज बशीत बघायचा. पुढे तो आमच्याबरोबर जेवायला बसेनासा झाला. काम आहे म्हणायचा आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा. आईच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम मात्र त्यानं स्वतःकडे घेतलं. तिचं डोकं मागे टेकवायचा, पापणी हलकेच ओढायचा. आई डोळे मिटून म्हणायची, "किती करतोस रे माझं." आणि याचा चेहरा असा व्हायचा की मला तोंडाशी आलेला राग गिळावा लागायचा. लाजेनं माणूस चांगला होतो असं म्हणतात. आमचा लाजेनं मुका झाला होता.

मशीनवर तपासायचा दिवस आला. एक अंधारी लहान खोली, दाराला पडदा. आत मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं एक यंत्र. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, सरळ मधोमध बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मशीनवाल्या बाईंनी आईला नीट समजावलं, "दिसलं की दाबायचं, एवढंच." आम्ही दोघं पडद्याबाहेर बाकावर बसलो.

आधी उजवा डोळा, चांगला. आतून मशीनची घरघर येत होती, पण बटणाचा आवाज काही येईना. थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या. "आजी दाबतच नाहीयेत. असं झालं तर मशीन म्हणेल या डोळ्यालाही दिसत नाही, आणि मग औषधं, ऑपरेशन, सगळं त्यावर ठरेल."

आम्ही आत गेलो. आई बटण दोन्ही हातांत धरून बसली होती, पाखराचं पिल्लू धरावं तसं.

"आई, दिवे दिसत नाहीत का?" मी विचारलं.

"दिसतात गं. मला वाटतं दिसतात. पण चुकून भलतंच दाबलं गेलं तर? मागे माझ्या दाबण्यानं एवढ्या लोकांचा खोळंबा झाला." तिनं मान वळवून टेपला शोधलं. तो डाव्या बाजूला होता, म्हणून तिला पूर्ण वळावं लागलं. "तूच सांग ना रे. दाबू का?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बघितलं तर मीच बोलून जाईन.

टेप तिच्यासमोर खाली बसला. सगळीकडे म्हणून दाखवलेलं ते पाठ भाषण त्याला इथे आठवेना. "आत्या," तो म्हणाला, "तू नाही. मी." मग पुन्हा, "तू काही नाही केलंस. तुझ्या जागा मी घेत होतो. माझं मशीन घेत होतं. त्या दिवशी तुझ्या मैत्रिणीसमोर मी दाबलं ना, ती शेवटची जागा होती. तुला मिळाली असती."

आईनं हातातलं बटण मांडीवर ठेवलं. मशीनची घरघर चालूच होती.

"म्हणजे मी बरोबर दाबत होते?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तुला हे कधी कळलं?"

"आपण इथे पहिल्यांदा आलो त्या दिवशी."

त्यानंतर इतके दिवस त्यानं तिच्या डोळ्यांत थेंब घातले होते, आणि इतके दिवस तिनं त्याला दुवा दिला होता. तिनं तो हिशोब मनात केला असावा, कारण तिचा चेहरा बदलला. टेपनं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. लहानपणी तो असं करायचा तेव्हा ती केसांतून हात फिरवायची. आज फिरवला नाही. आज तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून बाजूला केलं, जोरात नाही, पण केलं. मग पदर सावरला, बटण उचललं, हनुवटी मशीनवर टेकवली आणि म्हणाली, "चला बाई. माझा मला दाबू द्या."

आम्ही बाहेर येऊन बसलो. पडद्यामागून बटणाचा आवाज यायला लागला. टक. टक टक. टक. आई शिवायला बसली की असा ठाम आवाज असतो तिच्या कात्रीचा. उजवा डोळा झाला. बाईंनी पट्टी बदलली आणि त्या म्हणाल्या, "आता डावा."

टक. मग थोडं थांबून टक. मग घरघर. आत एक दिवा लुकलुकून गेला असेल, मग दुसरा, असं मी मनात मोजत होते. आता तिला कसली भीती नव्हती. दिसलं असतं तर तिनं दाबलं असतं. टेप हात मांडीखाली दाबून बसला होता आणि पडद्याकडे कान लावून ऐकत होता. आतून बटणाचा आवाज येत नव्हता.